आय२सी सेन्सरसाठी लिनक्स कर्नल ड्रायव्हर: कोकणातल्या नवशिक्यांसाठी

आपल्याकडे तापमान मोजायचं काम निघालं की ते बहुतेक वेळा मासळीच्या शीतगृहातून नाहीतर आंब्याच्या अढीतून येतं. कॉलेजातली पोरं रास्पबेरी पायला सेन्सर जोडतात, पायथनच्या चार ओळींत आकडा स्क्रीनवर आणतात आणि मग विचारतात, "सर, याचा खराखुरा ड्रायव्हर कसा लिहायचा?" ड्रायव्हर म्हणजे उपकरणाशी बोलणारा, कर्नलमध्ये म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात चालणारा कोड. त्यांच्यासाठी हे लिहिलंय. सी भाषा आणि लिनक्सचं टर्मिनल बऱ्यापैकी येतं, पण कर्नलमध्ये अजून पाऊल टाकलेलं नाही, अशा कुणालाही चालेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खोली एक, सेन्सर एक आणि वाचणारा प्रोग्रामही एकच असेल, तर ड्रायव्हर लिहू नका. पायथन पुरे. तो प्रोग्राम कोसळला तर तेवढाच कोसळतो, कर्नलमध्ये चूक झाली तर अख्खी सिस्टिम आडवी होते. तोच आकडा अनेक प्रोग्रामांना एकाच ठरलेल्या जागी, एकाच एककात हवा असेल, तेव्हा ड्रायव्हर लिहिण्यात अर्थ आहे. किंवा शिकायचं असेल तेव्हा. ते कारणही मला पुरेसं वाटतं.

सरावासाठी मी एलएम७५ए ही तापमानाची चिप सुचवतो. स्वस्त आहे, त्यातलं एकच रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवायची जागा) आपल्या कामाचं आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासून आहे. त्यामुळे आपलं उत्तर त्याच्याशी ताडून बघता येतं. आपल्या ड्रायव्हरचं नाव 'अढी७५' ठेवू. फंक्शनांची आणि कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत, मूळ स्पेलिंग कर्नलच्या हेडर फाइलींत किंवा त्या कमांडच्या मॅन पानावर मिळेल.

## १. सामान जमवा

- रास्पबेरी पाय ३ किंवा ४, शक्यतो जुना. रोजच्या कामाचा नको.
- एलएम७५एचं छोटं बोर्ड. दोन घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलंत तर पावसाळ्यात कुरिअरची वाट बघण्यात दिवस जातात, आणि एक जळालं तर काम तिथेच थांबतं.
- चार जंपर वायर, मल्टिमीटर.
- पायवर: सी कंपायलर, मेक, आय२सी-टूल्स, आणि चालू कर्नलच्याच आवृत्तीचे हेडर.
- लॅपटॉप, त्यावर गिट. कोड लॅपटॉपवर लिहायचा आणि एसएसएचने पायवर न्यायचा.

शेवटचा मुद्दा नुसता टापटिपीसाठी नाही. पायवरच कोड लिहिलात आणि मध्येच लाइट गेली, तर नुकतीच सेव्ह केलेली फाइल शून्य बाइटची होऊन समोर येते. लॅपटॉपला निदान बॅटरी असते.

हेडर बरोबर आहेत का, हे आत्ताच तपासा. 'यूनेम -आर' जी आवृत्ती दाखवेल, त्या नावाचं फोल्डर लिब/मॉड्यूल्सखाली असतं. त्यात 'बिल्ड' नावाची लिंक हवी आणि ती खऱ्या जागी पोहोचायला हवी. सिस्टिम नुकतीच अपडेट केली असेल तर रीबूट केल्याशिवाय पुढे जाऊ नका. चालू कर्नल जुना आणि हेडर नवे, अशा अवस्थेत मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये चढवता-उतरवता येणारा कोड) बिनतक्रार तयार होतं आणि लोड करताना 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून परत येतं. मग माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो, जी तिथे नसतेच.

## २. कर्नलला हात न लावता चिपशी बोला

ही पायरी लोक टाळतात. टाळू नका. तारा, पत्ता आणि चिप या तिन्हींबद्दल खात्री झाल्याशिवाय ड्रायव्हरची एक ओळही लिहायची नाही, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष कोडचाच हे ठरलेलं राहतं.

आय२सी ही फिलिप्सने १९८२ साली काढलेली दोन तारांची बस, म्हणजे चिपांना जोडणारा सामायिक मार्ग. एसडीएवरून डेटा, एससीएलवरून क्लॉक. पायच्या ४० पिनांच्या पट्टीवर ३ नंबरला एसडीए, ५ नंबरला एससीएल, १ नंबरला ३.३ व्होल्ट आणि ६ नंबरला ग्राउंड. १ नंबरच्या शेजारची २ नंबरची पिन ५ व्होल्टची आहे. एलएम७५ए ५ व्होल्टवरही चालते, म्हणून चूक पटकन कळत नाही. पण बोर्डावरचे पुल-अप रेझिस्टर मग दोन्ही तारा ५ व्होल्टला ओढतात, आणि पायच्या पिना ३.३च्या वर सहन करत नाहीत. वीज सुरू करण्याआधी मल्टिमीटर लावून बघा.

दुसरा सापळा पत्त्याचा. चिपला ए०, ए१, ए२ अशा पत्त्याच्या तीन पिना असतात. तिन्ही ग्राउंडला असतील तर पत्ता हेक्समध्ये ४८. काही स्वस्त बोर्डांवर त्यांचे सोल्डरचे ठिपके उघडेच सोडलेले असतात. पिन अधांतरी राहिली की चिप आज ४८वर सापडते, उद्या ४९वर. आपल्या दमट, खाऱ्या हवेत हा खेळ जास्तच रंगतो. तिन्ही ठिपके ग्राउंडला सोल्डर करून टाका.

आता रास्पी-कॉन्फिगमधून आय२सी चालू करा आणि 'आय२सीडिटेक्ट -वाय १' चालवा. तक्त्यात ४८च्या जागी ४८ दिसलं पाहिजे. तिथे 'यूयू' दिसलं तर चिप आहे, पण तिला आधीच कुठल्या तरी ड्रायव्हरने ताब्यात घेतलंय. तो आधी काढा. सगळीकडे रेघाच दिसल्या तर तारा पुन्हा बघा. ब्रेडबोर्ड वर्षभर उघड्यावर पडलेला असेल तर त्याच्या पट्ट्यांवर गंज चढलेला असतो, थेट वायर जोडून बघा.

मग 'आय२सीगेट'ने शून्य नंबरचं रजिस्टर वर्ड म्हणून वाचा. समजा खोलीत २८.५ अंश आहे. स्क्रीनवर हेक्समध्ये ८०१सी येईल. गोंधळू नका. चिप मोठा बाइट आधी पाठवते, आणि एसएमबसच्या (आय२सीवरच बेतलेल्या, कर्नलने वापरलेल्या पद्धतीच्या) नियमाप्रमाणे पहिला आलेला बाइट लहान धरला जातो. उलटं करून वाचा: १सी८०. हेक्स १सी म्हणजे २८, आणि ८० म्हणजे २५६तले १२८, अर्धा अंश. झालं २८.५. चिप चिमटीत धरा, आकडा वर सरकला पाहिजे. सरकला की हार्डवेअरचा विषय संपला.

## ३. रिकामं मॉड्यूल

आधी काहीच न करणारं मॉड्यूल लिहा: लोड होताना एक ओळ छापणारं, निघताना एक. मेकफाइलमध्ये 'ओबीजे-एम'समोर आपल्या ऑब्जेक्ट फाइलचं नाव, आणि मेकला '-सी'ने मघाच्या बिल्ड लिंकचा रस्ता द्यायचा. मेकफाइलमधल्या कमांडच्या ओळी टॅबने सुरू होतात, स्पेसने नाही.

'मॉड्यूल_लायसन्स'मध्ये जीपीएल (लिनक्सचा मुक्त परवाना) लिहायला विसरू नका. पुढे लागणारी बरीच फंक्शनं कर्नल फक्त जीपीएल मॉड्यूलांनाच देतो.

'इन्समॉड'ने चढवा, 'आरएममॉड'ने उतरवा, आणि दुसऱ्या टर्मिनलात 'डीमेसेज -डब्ल्यू' सतत चालू ठेवा. मुख्य कर्नलच्या कोडबाहेरच्या मॉड्यूलने कर्नल 'टेंटेड' (डागाळलेला) झाला असा संदेश येईल. घाबरायचं कारण नाही, बाहेरच्या प्रत्येक मॉड्यूलला कर्नल हेच म्हणतो.

## ४. ड्रायव्हर आणि डिव्हाइसची गाठ

बहुतेक नवशिके इथेच अडतात. मॉड्यूल लोड झालं म्हणजे ड्रायव्हर चालू झाला, असं नसतं. ड्रायव्हर फक्त नाव नोंदवतो. डिव्हाइसची नोंद वेगळी होते. दोन्हींची नावं जुळली की बस मध्यस्थासारखी पुढे येते आणि तुमचं 'प्रोब' फंक्शन बोलावते. नावं जुळली नाहीत तर काहीच होत नाही. चूक नाही, इशारा नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही.

पीसीआय किंवा यूएसबीवर डिव्हाइस स्वतःच सांगतं की मी अमक्या कंपनीचं तमकं आहे. आय२सीवर तशी सोय नाही. ४८ या पत्त्यावर कुणीतरी उत्तर देतंय, एवढंच कळतं. ते कोण आहे, हे कर्नलला आपणच सांगायचं.

कोडमध्ये 'आय२सी_ड्रायव्हर' नावाचं स्ट्रक्चर भरा: ड्रायव्हरचं नाव, प्रोब, आयडींचा तक्ता आणि डिव्हाइस-ट्रीच्या (बोर्डावर कोणती उपकरणं आहेत हे कर्नलला सांगणाऱ्या यादीच्या) नावांचा तक्ता. दोन्ही तक्त्यांच्या शेवटी रिकामी नोंद हवीच. ती नसेल तर कर्नल तक्ता संपल्यावरही पुढची मेमरी वाचत जातो, आणि मग जे होतं त्याला काही ताळतंत्र नसतं. प्रत्येक तक्ता 'मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल'ने जाहीर करा. तिसऱ्या पायरीतली सुरुवात-शेवटाची फंक्शनं काढून टाका आणि त्यांच्या जागी 'मॉड्यूल_आय२सी_ड्रायव्हर' हा एका ओळीचा मॅक्रो लावा.

नेटवरून उचललेला कोड कंपाइल झाला नाही तर पहिला संशय आवृत्तीवर घ्या. आय२सीच्या 'रिमूव्ह'ने (डिव्हाइस सुटताना बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनने) काही परत द्यायचं नाही, हे कर्नल ६.१पासून आलं. 'प्रोब'ला फक्त क्लायंट (बसवरच्या त्या चिपचं स्ट्रक्चर) मिळतो, आयडीचा दुसरा पॅरामीटर नाही, हे ६.३पासून. त्याआधीचे पाठ जुन्या पद्धतीने लिहिलेले आहेत. मुळात आपल्याला रिमूव्ह लागणारच नाही, कारण 'डेव्हएम'ने सुरू होणारी फंक्शनं वापरली की घेतलेली मेमरी आणि केलेली नोंदणी डिव्हाइस सुटल्यावर कर्नल आपणहून आवरतो. जुन्या पाठांतल्या 'गोटू'च्या लांबलचक शिड्या त्यामुळे गेल्या.

प्रोबमध्ये सध्या 'डेव्ह_इन्फो'ने एक ओळ छापा. मॉड्यूल चढवा. काही छापलं जाणार नाही, आणि ते बरोबरच आहे. आता बस १च्या सिसएफएस (कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतो ती जागा) फोल्डरातल्या 'न्यू_डिव्हाइस' फाइलीत आपलं नाव आणि पत्ता लिहा. इथे 'सुडो एको' आणि पुढे मोठं-चिन्ह असं लिहिलंत तर परवानगी नाकारली जाते. सुडो फक्त एकोला लागू होतो, फाइल उघडायचं काम तुमचं साधं शेल करतं. 'सुडो टी' वापरा.

नाव 'अढी७५'च लिहा. 'एलएम७५' लिहिलंत तर कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर धावत येईल, आकडा व्यवस्थित दिसेल आणि आपलाच कोड चालतोय असं वाटत राहील.

## ५. आकडा वाचा

वाचायला 'आय२सी_एसएमबस_रीड_वर्ड_स्वॅप्ड' घ्या, बाइटांची अदलाबदल तेच करतं. साधं रीड_वर्ड घेतलं तर २८.५ अंशाच्या खोलीत जवळजवळ उणे १२८ अंश दिसतात.

परत आलेली किंमत आधी 'इंट'मध्येच घ्या. ती ऋण असेल तर तो एरर कोड आहे, तो तसाच वर पाठवा. थेट १६ बिटांच्या चलात भरलीत तर एरर आणि तापमान यांत फरकच उरत नाही. तार निसटल्यावर शीतगृहाचा आकडा गोठणबिंदूच्या आसपास दिसत राहिला, तर मासळीचं काय होईल ते सांगायला नको.

एरर नाही हे बघितल्यावर मात्र ती किंमत चिन्हासह १६ बिटांच्या प्रकारात बदला. उणे १८ अंशाला चिप हेक्समध्ये ईई०० पाठवते. चिन्ह विसरलात तर त्याचे २३८ अंश होतात. अढीत ही चूक जन्मात सापडणार नाही, कारण तिथे पारा शून्याखाली जातच नाही. म्हणून कोड अढीसाठी असला तरी सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून बघाच.

कर्नलमध्ये दशांश अपूर्णांक वापरायचे नाहीत. फ्लोट, डबल विसरा. रजिस्टरमधली किंमत अंशाच्या २५६व्या भागात आहे, आणि कर्नलला हवंय मिली अंश सेल्सियस. १०००ने गुणा, मग २५६ने भागा. क्रम उलटा केलात तर अर्धे-पाव अंश गळून पडतात. ७२९६ गुणिले १००० भागिले २५६ बरोबर २८५००. हेच हवं.

आणखी एक. आय२सीवर वाचताना कर्नल मध्ये झोपू शकतो, म्हणजे उत्तराची वाट बघत थांबू शकतो. त्यामुळे स्पिनलॉक (जे धरून झोपता येत नाही असं कुलूप) धरून किंवा इंटरप्टच्या फंक्शनमधून हे वाचन करायचं नाही. कुलूप लागलंच तर म्युटेक्स, ते धरून झोपता येतं.

## ६. आकडा लोकांपर्यंत पोहोचवा

जुने पाठ इथे कॅरेक्टर डिव्हाइस काढायला लावतात: मेजर नंबर, ओपन, रीड, सगळा संसार. तापमानासाठी ते कशाला? कर्नलमध्ये 'एचडब्ल्यूमॉन' ही तयार चौकट आहे. तिला दोन फंक्शनं द्यायची. एक सांगतं की ही फाइल कुणाला दिसावी (४४४ परत द्या, सगळ्यांना वाचता येईल), दुसरं आकडा देतं. मग 'डेव्हएम_एचडब्ल्यूमॉन_डिव्हाइस_रजिस्टर_विथ_इन्फो' एकदा बोलावलं की सिसएफएसमध्ये 'टेम्प१_इनपुट' फाइल तयार. 'सेन्सर्स' कमांडलाही ती आपोआप दिसते.

नोंदणीच्या नावात आडवी रेघ नको, एचडब्ल्यूमॉनला ती चालत नाही. आणि चॅनेलांच्या यादीच्या शेवटी 'नल' हवा. तो विसरलात तर ऊप्स (कर्नलमध्ये चूक झाल्यावर लॉगमध्ये येणारा अहवाल) ठरलेला.

ऊप्स आला तर त्यातली फक्त दोन ठिकाणं आधी वाचा: पहिली ओळ आणि 'पीसी'समोरचं फंक्शनचं नाव. तिथे तुमचं फंक्शन असेल तर प्रश्न अर्धा सुटला. ऊप्सनंतर त्याच चालू सिस्टिमवर पुढचे प्रयोग करू नका, रीबूट करा.

## ७. मुद्दाम मोडून बघा

फाइल वाचली, २८५०० आलं, म्हणून थांबू नका. एसडीएची तार काढा आणि फाइल पुन्हा वाचा. 'रिमोट आय/ओ एरर' यायला हवा, म्हणजे उणे १२१. रास्पबेरी पाय ३ आणि ४वर चिपने उत्तर दिलं नाही की हाच कोड येतो. जुनाच आकडा आला तर एरर कुठेतरी गिळला जातोय. उणे ११० आला तर बस अडकली आहे, बहुतेक वेळा कुणीतरी तार खाली ओढून धरलेली असते.

मग लूप लावून एकीकडे फाइल वाचत राहा आणि दुसरीकडे मॉड्यूल चढवत-उतरवत राहा. शेवटी 'डिलीट_डिव्हाइस'ने डिव्हाइस काढा, कर्नलचा मूळ ड्रायव्हर त्याच चिपवर लावा आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवा.

## ८. कायमचं बसवा

न्यू_डिव्हाइसची नोंद रीबूटनंतर पुसली जाते. कायमसाठी डिव्हाइस-ट्री ओव्हरले (त्या यादीत भर घालणारी छोटी फाइल) लिहा: आय२सी-१खाली एक नोड, त्यात पत्ता आणि 'कम्पॅटिबल'चं नाव. हे नाव ड्रायव्हरच्या तक्त्यातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, स्वल्पविरामासकट. कंपाइल केलेली फाइल ओव्हरले फोल्डरात टाका आणि कॉन्फिग फाइलीत एक ओळ वाढवा. मॉड्यूल लिब/मॉड्यूल्समध्ये बसवून 'डेपमॉड' चालवलंत की बूटच्या वेळी ते आपोआप चढतं.

कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं. डीकेएमएस हे काम आपोआप करतं. शीतगृहातल्या पायवर मी मात्र कर्नलचे अपडेटच रोखून ठेवतो. मे महिन्यात, हंगाम ऐन भरात असताना, कुणी 'अपग्रेड' मारून गेलं म्हणून सेन्सर बंद पडलेला मला नको असतो.

जागेवर बसवताना तारेची लांबी बघा. आय२सीच्या बसवर ४०० पिकोफॅरडच्या वर भार चालत नाही, आणि लांब केबल तेवढा सहज गाठते. शीतगृहाच्या भिंतीपलीकडे सेन्सर न्यायचा असेल तर कॉन्फिगमध्ये बॉडरेट १०००० करा. तापमान मोजायला १० किलोहर्ट्झ भरपूर झाले. जंपर वायर काढून सांधे सोल्डर करा आणि बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा रोखणाऱ्या पातळ लेपाचा) हात मारा, नाहीतर बंदराजवळच्या हवेत पिना हिरव्या पडायला एक पावसाळा पुरतो. हेच कोटिंग आर्द्रतेच्या सेन्सरवर मात्र मारू नका, त्याचं तोंडच बंद होईल.

हा ड्रायव्हर मुख्य कर्नलकडे पाठवू नका, एलएम७५चा तिथे आहेच. तुमच्याकडे ड्रायव्हर नसलेली दुसरी एखादी चिप असेल तर हाच सांगाडा घ्या, तिची डेटाशीट समोर ठेवा आणि पाठवण्याआधी 'चेकपॅच' (कोडची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) चालवा. ते आधी ओळींच्या सुरुवातीच्या स्पेसवरूनच ओरडेल. तिथे टॅब घाला.